आमणदेवाचा दुसरा अंक

आमच्या उल्हासला एखादा मेलेला राजा चावला की महिनाभर घरात दुसरा विषय नाही. अठ्ठावीस वर्षं अल ऐनच्या शाळेत इतिहास शिकवतोय, त्यामुळे बायको म्हणून मला सवय झालीय. यंदा चावला तो आमणदेव.

"हा कोण आणखी?" मी विचारलं.

"देवगिरीचा यादव. महादेवरायाचा मुलगा. बाप गेला, हा गादीवर बसला. चुलतभाऊ रामदेव नाटकवाल्यांचा वेश घेऊन किल्ल्यात शिरला. हा बिचारा खेळ बघत बसला आणि खेळ चालू असतानाच धरला गेला. रामदेवाने त्याचे डोळे काढवले."

"बाई गं! मग?"

"मग काही नाही. पुढे त्याच्यावर एक ओळ मला सापडली नाही. पण माणूस जगला असेल ना गं? दोन वर्षं, वीस वर्षं. कसा जगला असेल?"

दुबईच्या मंडळाला दिवाळीसाठी नाटक हवंच होतं. पहिला अंक, म्हणजे गादी जाईपर्यंतचा, उल्हासने सुट्टीत लिहून टाकला. दुसरा अंक आंधळ्या आमणदेवाचा. तो मात्र त्याने मला सांगायला सुरुवात केली. तो बोलायचा, मी वहीत लिहायची. "माझं अक्षर कुणाला लागत नाही," म्हणाला. अहो, या माणसाचं अक्षर मोत्यासारखं! पण मी पडले भोळी, बसले लिहीत.

तालीम दर शनिवारी, दुबईत अल कुसैसला एकांच्या घरी. गाडी अर्थात उल्हासच चालवणार. अल ऐनमध्ये गाडीशिवाय माणूस लंगडाच. मी ड्रायव्हिंग टेस्टला चारदा नापास झाले आणि म्हटलं, खलास. आमची मिहिका बावीसची, तिला लायसन्स मिळून वर्ष झालं होतं. पण तिने चावी मागितली की बापाचं एकच, "मी असताना तू कशाला?"

हल्ली तो राउंडअबाउटला इतका वेळ थांबायचा की मागचे हॉर्न मारून दमायचे. "यल्ला, जा की रे! म्हातारा झालास," मी चिडवायची. तो नुसता हसायचा.

आणि दुसरा अंक काय सुरेख उतरत होता! आमणदेव पेल्याला थेट हात घालत नाही, आधी ताटाची कड शोधतो. दारातून जाताना एक खांदा पुढे करतो. शेजारी कुणी येऊन उभं राहिलं तर ते बोलेपर्यंत त्याला कळत नाही. मग तो दचकतो, आणि दचकलोच नाही असं दाखवतो. "सुचतं कसं रे तुला हे?" मी म्हणायची. मला खरंच अभिमान वाटायचा.

एका गुरुवारी दुपारी तो सांगत होता, "लिही. आमणदेवाला सगळ्यात छळतो तो जिना. समोरची भिंत दिसते, पण पायाखालची पायरी दिसत नाही."

मी अर्धं लिहिलं आणि थांबले. "अरे मास्तर, डोळे काढलेत ना त्याचे? मग भिंत कशी दिसते?"

एरवी चूक काढली की तासभर वाद घालणारा हा माणूस. त्याने माझ्या हातातली वही मिटली.

"उल्हास?"

"कडा गेल्यात, मनू. मधलं तेवढं दिसतं. काचबिंदू. मार्चमध्ये कळलं. थेंब घालतो शाळेत. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकलं तर टिकलं."

मार्च! आणि ऑक्टोबर चालू होता. मला असा संताप आला की वही त्याच्या डोक्यात घालावी. "आणि दर शनिवारी आम्हाला दीडशे किलोमीटर नेतोस? लेकीला मागे बसवून? अक्कल गहाण टाकलीस का?"

"रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ असेल. रस्त्यावरची माणसं पाठ आहेत?"

त्याने टेबलावरची गाडीची चावी मुठीत घेतली. मग म्हणाला, "चावी दिली की मग तुम्ही न्याल तिकडे जायचं. गाठोडं होऊन. मला नाही गं जमायचं ते."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली. चावी मी लपवू शकले असते. तांदळाच्या डब्यात टाकली असती तर वर्षभर सापडली नसती. पण मग माझ्यात आणि त्या रामदेवात फरक काय? मी एवढंच म्हटलं, "या शनिवारी तू गाडी चालवणार असशील तर मी बसणार नाही आणि मिहिकालाही बसू देणार नाही. तिला कारण तूच सांगायचं. मी तोंड उघडणार नाही."

शनिवारी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले. चावी हातात. सवयीने ड्रायव्हरच्या सीटवर बसला, इंजिन चालू केलं. मी पार्किंगमध्ये उभी राहिले, जाग्यावरून हलले नाही. मिहिका त्याच्या खिडकीशी, खांबाला टेकून.

"मम्मा, व्हॉट्स राँग? वी आर लेट."

मी ओठ घट्ट मिटले. हा गेला निघून एकटाच, तर काय करणार होते मी?

उल्हासने इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टीअरिंगवर तसेच, नजर सरळ समोर.

"मिहिका, आज तू चालव."

"मी? व्हाय?"

"मला बाजूचं दिसत नाही आता. डोळे जातायत माझे." त्याचा आवाज वर्गात असतो तसाच होता. "इथे डावीकडे खांब आहे, तो दिसत नाही. तू तिथेच कुठेतरी उभी आहेस ना? तीही दिसत नाहीस."

मला वाटलं, पोरगी आता रडणार. ती खांबापासून निघाली, बॉनेटला वळसा घालून गाडीच्या पुढे गेली आणि काचेच्या अगदी मधोमध, त्याच्यासमोर उभी राहिली.

"नाऊ, बाबा?"

"हो. आता दिसतेस," उल्हास म्हणाला, आणि दार उघडून खाली उतरला.