बांध सोडून

ब्राह्मीने अंगणात गुडघ्यावर बसून सायकलच्या पुढच्या चाकाची हवा फुस्सकन कमी केली, मग मागच्या.

"वैनी, लोकं हवा भरत्यात, तुमी काढतायसा?" सोप्यात सुजलेला पाय पसरून बसलेला तिचा दीर धरणेंद्र म्हणाला. दुपारी मळ्याच्या वाटेवर त्याची मोटरसायकल रुतली होती. आईसाठी नेलेला डबा तसाच परत आला होता.

"मऊ मातीत टायर पसरलं पायजे, भावजी." तिने डबा पाठीवरच्या पिशवीत घातला.

तिच्या सासूबाई, गुणाबाई, मळ्यातली गाभण म्हैस सोडून सदलग्याच्या घरी यायला तयार नव्हत्या. डाव्या हाताला प्लास्टर, त्यामुळे मळ्यातली चूल बंद. त्यात चातुर्मासाचं एकभुक्त: दिवसातून एकदाच जेवायचं, तेही दिवस बुडायच्या आत. काल डबा पोचेपर्यंत अंधारलं आणि त्यांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. आज उशीर झाला, तर चौऱ्याहत्तर वर्षांची बाई सलग दुसऱ्या दिवशी उपाशी झोपणार होती.

"बांधावरच्या गवतावरनं जावा," धरणेंद्र म्हणाला. "जीव मरत्यात म्हणून चातुर्मासात हिरव्यावर पाय ठेवायचा न्हाय असा आईचा नियम हाय, खरं तिला कोण सांगतंय? चिखलातनं ती सायकल जायाची न्हाय."

हे शेवटचं वाक्य ब्राह्मीने सायकल घेतल्यापासूनच्या चार महिन्यांत घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकलं होतं. शाळेतल्या बाईंना ही गिअरची थेरं कशाला, हेही. सासूबाईंनी तर सायकलीकडे बघणंच सोडलं होतं.

मळ्याची वाट ट्रॅक्टरांनी पार मळून टाकली होती. डाव्या हाताला टणक, हिरवागार बांध. ब्राह्मीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि सायकल चिखलात मधोमध घातली. सगळ्यांत हलका गिअर, भार मागे, ब्रेकला बोट नाही. मागचं चाक घसरलं, सावरलं. निम्म्या वाटेत मात्र काळी माती चाकात अशी गच्च बसली की ते फिरेचना. ती उतरली. काटकीने, मग नखांनी तिने माती उकरून काढली. रागाने रडू फुटलं.

"बघतेच तुला," ती म्हणाली. मातीला की घरातल्यांना, ते तिचं तिलाच ठाऊक. तिने पुन्हा टांग टाकली.

पोचली तेव्हा सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकत होता. गुणाबाई लगेच जेवायला बसल्या. दोन घास पोटात गेल्यावर त्यांनी दारातूनच वाटेकडे पाहिलं. चिखलात चाकाची रेघ, बांधावरचं गवत उभंच्या उभं.

"नियम माझ्या पायाला हाय गं, तुझ्या चाकाला न्हवं. बांधावरनं आली असतीस तरी जेवले असते."

"ठाऊक हाय मला, आत्ती."

"मग?"

"ही चिखलातनं जायाची न्हाय म्हणत होतासा सगळी."

गुणाबाईंचा घास हातातच राहिला. "आन दिवस बुडला असता म्हंजे?"

ब्राह्मीला मान वर करवेना. हा विचार वाटेत तिच्याही मनात आला होता, तरी तिने बांध धरला नव्हता. त्याची आता लाज वाटली, पण पस्तावा काही झाला नाही.

"तर तुमच्यासंगं मी बी उपाशी बसले असते."

 डबा संपवून गुणाबाईंनी चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि उंबऱ्याबाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"जाताना बी मधनंच जा," त्या म्हणाल्या. "मी बघत हुबी ऱ्हाते."