न खाल्लेले पोहे

माझं लग्न जमवायचा मक्ता हिंमतरावांनी घेतला होता. हिंमतराव नात्याने माझे कुणीच नाहीत, पण मेहकर तालुक्यात ज्याचं लग्न राहिलं त्याचे ते आपोआप काका होतात. मी छत्तिशीचा, पतसंस्थेत कारकून. आई-वडील दोघंही गेलेले, एकुलती बहीण पुष्पांजली नांदुऱ्याला दिलेली. थोडं वावर आहे, ते बटईने कसायला दिलंय. सांगायला सगळं ठीक होतं. बघायला मात्र मी जरा जास्तच होतो.

"सहदेव, पहिले पोरीचा बाप वावर पाहे," एक दिवस हिंमतराव माझ्या टेबलासमोर बसून म्हणाले. "आता पोरगी पोट पाह्यते. तुले लगन करायचं हाये का नाही?"

"करायचं हाये ना काका."

"मंग हे कमी कर." असं म्हणून त्यांनी बोट पुढे केलं. ते माझ्या ढेरीला टेकलंच. बाजूच्या काउंटरवरची माणसं हसली.

मला राग आला. ह्या माणसाला काय माहीत माझी ढेरी कुठून आली ते? आई होती तोवर ती समोर बसायची. "पुरे आता, ऊठ," म्हणायची. ती गेल्यावर मी टीव्हीसमोर ताट घेऊन बसायला लागलो आणि बातम्या संपेपर्यंत खात राहिलो. एकट्या माणसाला पुरे म्हणणारं कुणी नसतं. मला लग्न हवं होतं ते एवढ्याचसाठी. संध्याकाळी कुलूप काढलं की घर गार पडलेलं असायचं, आणि ते मला आता सहन होत नव्हतं.

हिंमतरावांनी मग एक फोटो दाखवला. लोणारच्या शेषरावांची सुचिता. कुणाच्या तरी लग्नात काढलेला फोटो होता. हातात भरलेली प्लेट, गोल चेहरा, आणि कुणीतरी काहीतरी बोललं असावं, कारण ती तोंडात घास असतानाच हसत होती. फोटोसाठी म्हणून हसलेली नव्हती. मला वाटलं, हिच्यासमोर बसून जेवता येईल. मी तो फोटो मोबाईलमध्ये घेतला आणि दिवसातून पुष्कळदा पाहिला.

तिकडे मात्र हिंमतरावांनी माझा दहा वर्षांपूर्वीचा फोटो पाठवून दिला. मी हाडकुळा होतो तेव्हाचा. "हाच बरा दिसते," म्हणाले. आता मुलगी बघायला जायच्या आत त्या फोटोसारखं होणं माझ्याकडे आलं. महिना-दीड महिना हातात होता.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. यूट्यूबवर दंड फुगवून दाखवणारा एक माणूस सापडला. 'झटपट वजन घटवा' म्हणाला, आणि मी त्याचं ऐकलं. सकाळी जिऱ्याचं पाणी, दुपारी उकडलेली कोबी, संध्याकाळी काकडी. भाकर बंद, भात बंद, तेल बंद, साखर तर विषच. त्याच्या मागे फळ्यावर काय काय लिहिलेलं होतं. माणूस पुढे काय खाणार, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

घरी काटा नव्हता. बाजार समितीत अडत्याकडे सोयाबीनचे कट्टे, म्हणजे साठ-साठ किलोची पोती, मोजायचा काटा होता, त्यावर उभा राहायचो. तिथला हमाल कचरू मला दर आठवड्याला मोजायचा. पहिल्यांदा म्हणाला, "भाऊ, दीड कट्टा भरला!" नंतर नंतर तो काट्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. "भाऊ, कट्टा गळून राह्यला का कुठी?"

मी खूश झालो. पँट सुतळीने बांधायची वेळ आली, खूशच झालो. गाल आत गेले, डोळ्यांखाली काळं आलं. काउंटरवर एका म्हाताऱ्यावर उगाच खेकसलो, मग दिवसभर लाज वाटत राहिली. जिना चढताना भिंत धरायला लागलो. रात्री भुकेने जाग यायची तेव्हा उठून तो फोटो बघायचो. ती हसत खात असायची आणि मी उपाशी. तरी बरं वाटायचं.

पुष्पांजली व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "दादा, तुले बरं नाही का?"

"डाएट हाये," मी ऐटीत सांगितलं.

लोणारला गेलो तेव्हा पुष्पांजली सोबत होती. शेषरावांचं घर नीटनेटकं, माणसं मोकळी. त्यांचे मेहुणे, म्हणजे सुचिताचे मामा, खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसले आणि माझं तोंड न्याहाळत राहिले. उन्हाळ्यात ते आमच्या पतसंस्थेत येऊन गेले होते. पोहे आले. वर शेव, कोथिंबीर, लिंबाची फोड. वासानेच माझ्या तोंडाला पाणी सुटलं. दंडवाला डोळ्यांपुढे आला.

"मी पोहे घेत नाही," मी म्हणालो. मग चहा आला. "मले बिनसाखरेचा चालते."

पुष्पांजलीने मला कोपर मारलं.

"तब्येत लय उतरली तुमची," मामा म्हणाले.

"हो, उतरवली," मी हसून म्हणालो. बाकी कुणी हसलं नाही.

मग आम्हा दोघांना आतल्या खोलीत बोलायला बसवलं. तिथेही पोह्यांच्या दोन बश्या आणून ठेवल्या. सुचिता समोर बसली आणि मी चमकलो. फोटोतली मुलगी ही नव्हतीच. गळ्याची हाडं वर आलेली, गालांवर पावडर, हसू नाही. माझं मन खट्टू झालं, खोटं कशाला बोलू?

"घ्या ना," ती म्हणाली.

"तुम्ही घ्या."

"मी नंतर."

"मी पण नंतर."

दोघंही बश्यांकडे बघत बसलो. मग तिने दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुमचं कोणतं?"

"काय कोणतं?"

"डाएट."

मी सांगितलं. ती म्हणाली, "तो दंडवाला का? माह्यं बी तेच. आई म्हणे, पोराचा फोटो बारीक हाये, तू त्याच्यापुढी पिंप दिसशीन. कालपासून जिऱ्याचं पाणीच पिऊन राह्यली मी. मले चक्कर येऊन राह्यली हो."

मी हसलो. तीही हसली, आणि हसली तेव्हा फोटोतली मुलगी एकदम तिथे होती. इतके महिने मी कुणाबरोबर हसलो नव्हतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते भुकेमुळे असेल असं मी स्वतःला सांगितलं.

"हे सगळं झालं का, म्हंजे जमलं तर," ती बशीवरची शेव बोटाने सरकवत म्हणाली, "तुम्ही पहिले काय खासान?"

"तुम्ही सांगा."

"रोडगे. गोवऱ्यांवर भाजलेले. कुस्करून त्यात तूप, गूळ. आन् वांग्याची भाजी."

"मी पण," मी म्हणालो. "पण वाढायचं कोणी?"

"वाढायचं कायले? एका ताटातच घेऊ ना."

तेवढ्यात बाहेरून हाक आली. आम्ही उठलो. पोहे तसेच राहिले.

परतीच्या वाटेवर मी पुष्पांजलीशी सारखा बोलत होतो. घरी आल्यावर कुलूप काढताना पहिल्यांदा वाटलं, आता थोडेच दिवस.

चार दिवसांनी हिंमतराव आले. खुर्चीत बसले नाहीत. "नाही म्हणतेत," उभ्यानेच म्हणाले.

"काऊन?"

"तिचे मामा म्हणतेत, पोराले शुगर हाये. उन्हाळ्यात पाह्यला तवा गरगरीत होता, आता खंगला. पोहे खाल्ले नाही, चहा बिनसाखरेचा. लपवून राह्यले म्हणतेत."

"काका, तुम्हीच तर कमी कर म्हणे!"

"मी कमी कर म्हणलं. दुखण्यातून उठल्यावानी हो म्हणलं का?"

मी दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून घेतलं. सगळं नॉर्मल. तो रिपोर्ट हिंमतरावांच्या हाती लोणारला पाठवला. आणि तिथेच हात दाखवून अवलक्षण झालं. मामा म्हणाले, न मागता रिपोर्ट दाखवते म्हंजे चोराच्या मनात चांदणं. मुलीच्या बापाने ऐकलं मामाचं. मुलीला कुणी विचारलं की नाही, मला कधी कळलं नाही. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. दिवाळीनंतर तिचं लग्न चिखलीकडे झालं, हेही हिंमतरावांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, "दुसरी पाहू."

वजन गेलं होतं तसं परत आलं. येताना पाहुणेही घेऊन आलं. मी ठरवून खाल्लं असं नाही. कोबीचा वास सहन होईना, मग एक दिवस भाकर केली, मग दोन, मग टीव्ही लावला. कचरू एकदा म्हणाला, "भाऊ, आता पावणेदोन कट्टे," आणि मग त्यानेच विषय बदलला. त्याला माझी दया आली असावी. मी त्या काट्यावर जाणं सोडलं.

दीड वर्षाने, माघात, शाखेच्या कामाने लोणारला गेलो होतो. परतीची एसटी दुपारची. खिडकीशी बसलो, म्हणजे दोघांच्या बाकड्यावर दीड जागेत बसलो. गाडी सुटता सुटता एक बाई चढली. सगळ्या जागा भरलेल्या.

"भाऊ, थोडंसं सरकता का?"

मी वर पाहिलं. गोल चेहरा, कपाळावर घाम, गळ्यात काळी पोत. मी तिला लगेच ओळखलं. ती हुबेहूब तिच्या फोटोसारखी दिसत होती.

मी सरकलो, जेवढं सरकता येईल तेवढं. तिने माझ्याकडे पाहिलं, "बरं झालं," म्हणाली आणि बसली. तिने मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? तिने पाहिला होता तो माणूस जेमतेम दीड महिना जगला होता.

सुलतानपूरच्या अलीकडे तिने पिशवीतून डबा काढला. झाकण उघडताच वास आला. "माहेरी भंडारा होता," ती म्हणाली. "सकाळपासून वाढण्यातच राह्यली मी, माह्यंच जेवण झालं नाही." शेजारच्याला टाकून खायचं नाही अशी आपल्याकडे रीतच आहे, म्हणून तिने डबा माझ्यापुढे केला. "घ्या ना भाऊ. रोडगे हायेत."

माझं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी सहदेव, मेहकरचा, पोहे न खाणारा. पण ते सांगितलं असतं तर तिने आधी माझ्या पोटाकडे पाहिलं असतं, मग गळ्यातली पोत सावरली असती, आणि डबा झाकला असता. मी नाव गिळलं.

मी हात पुढे केला. ती थांबली.

"यात गूळ हाये बरं. शुगर-बिगर तं नाही ना तुम्हाले?"

"नाही," मी म्हणालो. "मले शुगर नाही. कधीच नव्हती."

"मंग घ्या पोटभर," ती म्हणाली आणि डबा आमच्या मधे ठेवला. मेहकर येईपर्यंत आम्ही दोघं त्यातलं खात होतो.