जिन्याखालचा घोडा

मित्रांनो, जिन्याखालच्या लाकडी पेटीत गेली अडतीस वर्षं राहणारा मी एक जुना वीजमीटर आहे. माझ्या काचेआड पाच काळे आकडे आहेत आणि शेवटी एक लाल, युनिटच्या दहाव्या भागाचा. त्यांच्याखाली एक चकती फिरते. घरात वीज जास्त लागली की ती पळते, कमी लागली की चालते.

कारखान्यात आम्हाला ओळीने टांगून तपासलं. तपासनीस माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हा इमानदार निघेल," आणि त्याने मला सील ठोकलं. माझं शिक्षण तेवढंच.

मी या घरात आलो तेव्हा इथलं जोडपं नवं होतं. आता त्यांना आजी-आजोबा म्हणायला हवं. आजीने पहिल्याच आठवड्यात माझ्या चकतीचं नाव घोडा ठेवलं.

"अहो, घोडा उधळलाय. इस्त्री चालू ठेवून कुठे बसलात?"

"तुझा घोडा चुगलखोर आहे," आजोबा आतून म्हणायचे.

दर रविवारी चहा झाला की आजी चष्मा लावून पेटी उघडायची. पेटीच्या दाराला आतल्या बाजूने दोऱ्याने पेन्सिल बांधलेली होती. त्या पेन्सिलीने आजी माझा आकडा दारावरच लिहायची. आजोबा तिकडे फिरकत नसत. "ते तुझं खातं," म्हणायचे. मला ते रविवार फार आवडायचे. आठवडाभर केलेलं काम कोणीतरी बघायचं.

मग आजी गेली. पेटी कोणी उघडेना. जिन्याखालचा दिवा दिवसभर जळू लागला, कारण तो विझवणारं माणूस नव्हतं. माझा घोडा कोणासाठी चालतोय हे मलाही कळेना.

दीड वर्षाने लेक राहायला आली. तिने खण उघडला तर आत बिलांची पाकिटं, एकही न फोडलेलं. पैसे बँकेतून आपोआप जात होते.

"बाबा, ही उघडली का नाहीत?"

"तिच्या नावाची आहेत. तिची पत्रं मी कधी उघडली नाहीत."

"बाबा, विजेची बिलं आहेत ती. प्रेमपत्रं नाहीत."

लेकीने सगळ्यात वरचं पाकीट फोडलं आणि कपाळाला हात लावला. दर केव्हाच वाढला होता. दुसरी कंपनी बरीच स्वस्त देत होती. "वीज तीच, तारा त्याच, मीटरही हाच," ती म्हणाली. माझ्या जिवात जीव आला. "फक्त बिल पाठवणारा बदलेल."

"आणि नाव?"

"नाव तुमचं येईल."

"मग नको," आजोबा म्हणाले. "तिच्या नावाने घरात येणारं तेवढंच उरलंय."

लेक उठून आत गेली. दोन कप चहा करून आणला. मग म्हणाली, "नुसता भाव विचारू. विचारायला काय जातं?"

फोनवर नव्या कंपनीतली एक मुलगी होती. लेकीने मागच्या बिलावरचा आकडा सांगितला. आजचा आकडा सांगायला आजोबांनी पेटी उघडली, कोळ्याचं जाळं बाजूला केलं आणि माझे सहाच्या सहा आकडे मोठ्याने वाचले.

पलीकडे मुलीने वजाबाकी केली. "काका, तुमच्याकडे गिरणी आहे का?"

"गिरणी नाही. एक फ्रीज आहे आणि मी आहे."

"मग लाल आकडा धरला असेल. तो सोडायचा असतो."

"सोडायचा? थांबा, हिने कसं लिहिलंय बघतो."

आजोबांनी पहिल्यांदाच दाराची आतली बाजू पाहिली. सगळीकडे पाचच आकडे होते, लाल कुठेच नव्हता. बोट खाली नेत नेत ते शेवटच्या ओळीशी थांबले. तिथे लिहिलं होतं, "घोडा तोच, चारा महाग. कंपनी बदलायची. पुढच्या रविवारी ह्यांना सांगते."

तो रविवार यायच्या आधीच ती गेली होती. ती ओळ दीड वर्ष माझ्यासमोर होती, मित्रांनो. पण मला फक्त आकडे दाखवता येतात.

आजोबांनी ते दोनदा वाचलं. डोळे पुसले आणि फोन तोंडाशी धरला. "मुली, बदलून टाक. नावाच्या रकान्यात माझं लिही. आणि 'कोणाच्या सांगण्यावरून बदलली' असा रकाना असेल, तर तिथे हिचं लिही."

"तसा रकाना नसतो, काका."

"बरं. राहू दे मग."

आता दर रविवारी आजोबा चष्मा लावून येतात. पहिल्या रविवारी लाल आकडा लिहून खोडला, त्याची खूण अजून आहे. परवा नवं बिल आलं, त्यांच्या नावाचं. त्यांनी ते माझ्यासमोरच फोडलं आणि दाराला म्हणाले, "बघ, कमी झालं." जाताना दिवाही विझवला.

मित्रांनो, मला तेलपाणी लागत नाही. आठवड्यातून एकदा पेटी उघडा, मी खूश. पण घरात जे काम एकच माणूस करतं, ते त्याच्या शेजारी उभं राहून एकदा तरी बघा. लाल आकडा का सोडायचा, हे तेव्हाच त्याला विचारता येतं.