फाट्यावरचं दूध

भोकरच्या अंगाच्या पाच गावांचं दूध चांगुणाबाई आपल्या टेम्पोत गोळा करायची. वैशाखात दोनदा ते डेअरीत पोचेपर्यंत नासलं होतं, आणि तिसऱ्यांदा नासलं तर गाडीच बंद, असा निरोप आला होता. गाडी बंद म्हणजे शंभरेक बायकांच्या म्हशी दावणीला नुसत्याच. आता दूध थंड करायचं यंत्र मिळालं होतं. ते बसवायचं कुठं, यावर दूध संस्थेची सभा अडली होती.

"नकाशात बघा की," चेअरमन श्रीमंतराव म्हणाले. "आमचं सावरगाव बरोब्बर मधोमध हाय."

"हाय, पण रुळाच्या पल्याड. बाकी चार गावं अल्याड," चांगुणाबाई म्हणाली. "गेट पडलं की मी दूध घेऊन उन्हात उभी. यंत्र अल्याडच्या फाट्यावर बसवा."

"फाट्यावर ठेवलेलं दूध फाटणारच की."

सभा खो खो हसली. चांगुणाबाईचं मस्तक तापलं. ज्यानं जन्मात कधी कॅनवर ओलं पोतं टाकलं नाही, तो तिला मधोमध म्हणजे काय ते शिकवत होता. तिनं पैज लावली: एकच दूध दोन्हीकडं न्यायचं, जिथलं नासणार नाही तिथं यंत्र.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला, टेम्पोत दूध घालणाऱ्या धुरपताबाईनं म्हैस पिळली आणि तेच दूध दोन कॅनांत भरलं. टेम्पो अल्याडची गावं फिरून आला, तेव्हा एक कॅन धुरपताबाईसकट फाट्यावर, यंत्राच्या जागी ठेवलेल्या बर्फाच्या टबात उतरला. दुसरा टेम्पोतच सावरगावला निघाला. सोबत खुद्द चेअरमन.

गेट पडलेलं. पॅसेंजर गेली. गेट उघडेना, मालगाडी यायची होती. श्रीमंतरावांनी तीनदा घड्याळ बघितलं, दोनदा घाम पुसला आणि एकदा गेटमनवर डाफरले.

"रोजच असं?" त्यांनी चांगुणाबाईला विचारलं.

"हाव. तुमचं मधोमध रोज हितंच अडकून राहतंय."

सावरगावात पोचायला नऊ वाजले. अख्ख्या गावादेखत पातेलं चुलीवर चढलं. कड येता येता दुधाचे गोळे झाले, पाणी वेगळं पडलं.

चांगुणाबाईनं धुरपताबाईला व्हिडिओ कॉल लावला. फाट्यावरच्या चहाच्या टपरीत दुसरं पातेलं चढलेलंच होतं. दूध फुगलं, काठाशी आलं, आणि धुरपताबाई पदरानं पातेलं उतरवेपर्यंत उतूही गेलं. चांगुणाबाईचे डोळे भरून आले. लपवायचं तिनं मनातही आणलं नाही.

श्रीमंतराव फोनकडे बघतच राहिले. मग सेक्रेटरीकडे वळले.

"ठरावात लिहा. यंत्र फाट्यावर."

"कारण काय लिहू, साहेब?"

"लिहा," ते म्हणाले, "मधलं फाटलं, फाट्यावरचं न्हाई फाटलं."