अकराव्या मिनिटाला ओढलेला फेडर

खोटं तुम्ही लिहिलंत, मॅनेजरसाहेब. 'कलाकाराच्या वाद्यात बिघाड झाल्याने कार्यक्रम बंद करावा लागला' हे वाक्य तुमच्या सभागृहाच्या ऑफिसात, तुमच्या टेबलावर तयार झालं. खाली सही मात्र श्यामकांत तोरसकरची.

श्यामकांत तुमचा साउंड ऑपरेटर. सव्वीस वर्षं नाटकं, ऑर्केस्ट्रा, शाळांची गॅदरिंगं, पुढाऱ्यांची भाषणं, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. बिघाड प्रेक्षकांच्या आधी आपल्या कानाला कळला पाहिजे, हा त्याचा धर्म. नाचाची सीडी अडकून तेच तेच वाजायला लागली, की पोरं स्टेजवर खांबासारखी उभी राहायच्या आत त्यानं मिक्सरचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती कळ, खाली ओढलेला असायचा. आपल्या ह्या हाताचं त्याला भारी कौतुक.

त्या रविवारी दुपारी मढचा प्रज्योत गिटार घेऊन आला. बाप, चुलते सगळे मासेमारीच्या बोटीवर. हा एकटाच जॅझच्या नादी लागलेला. त्याचा स्वतःचा असा हा पहिलाच कार्यक्रम. आठवडाभर आधी येऊन तो पेन ड्राइव्ह देऊन गेला होता. जरा वेगळं आहे काका, ऐकून ठेवा, असं म्हणाला होता. श्यामकांतनं तो खिशात टाकला नि विसरला. सव्वीस वर्षं काम केलेल्याला आता गिटारवाला शिकवणार?

प्रज्योतच्या पायाशी एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी होती. वाजवलेली ओळ ती धरून ठेवायची आणि पुन्हा पुन्हा वाजवत राहायची. त्यानं सहा स्वरांची एक ओळ धरली, तिच्यावर दुसरी चढवली, आणि गिटारवर हात ठेवून डोळे मिटले. ते सहा स्वर चालूच. आठ मिनिटं झाली, नऊ झाली. पुढच्या रांगेत लोक एकमेकांकडे बघायला लागले. श्यामकांतचा हात फेडरवर गेला. पेटी अडकली, पोरगं घाबरलं, वाट लागली. अकराव्या मिनिटाला त्यानं फेडर ओढला आणि पडदा पाडायला लावला. प्रज्योत आतून सांगत होता की काही अडकलेलं नाही, ते असंच आहे. तोवर लोक दारापर्यंत पोचले होते.

प्रेक्षकांची तक्रार आली. निवृत्तीला आठ महिने राहिलेत, कशाला भानगड, असं तुम्ही श्यामकांतला समजावलंत आणि कागद पुढे सरकवलात. त्यानं वाचला आणि सही केली.

दोन दिवसांनी पॅन्ट भिजत घालताना त्याच्या बायकोला, प्रेमाला, तो पेन ड्राइव्ह सापडला. घाटकोपरच्या खोलीत ती कोलंबी सोलत होती, ह्यानं तो लावला. अकरा मिनिटं झाली तशी ती करवादली, की मेलो एकाच जाग्यार अडाकलो. श्यामकांतनं लगेच बंद केलं. तिनं मान वर केली.

"बंद कित्याक केल्यात? आता खंय तां बदलूक लागलेला."

त्यानं पुन्हा पहिल्यापासून लावलं. ह्या वेळी हात मांडीखाली दाबून बसला. बाराव्या मिनिटाला सहातला एक स्वर हळूच सरकला. मग दुसरा. आणि त्या फटीतून गिटार आत शिरली, दशावतारातला राजा संहितेवाचून बोलत सुटावा तशी. कुठल्या कुठे जाऊन नेमकी ठेक्यावर परतणारी.  गावच्या भजनात एकच गजर अर्धा अर्धा तास चढत जातो. स्वतः झांज वाजवलेला माणूस हा. तिथं माइक बंद करायचं कधी ह्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

त्यानंतर तो बिघडलाच. फोनवर मिळेल ते ऐकायला लागला. अंधेरीत एका दुकानावरच्या खोलीत तीस खुर्च्यांचे कार्यक्रम व्हायचे, तिथं पोरापोरींत हा एकटा पांढऱ्या केसांचा जाऊन बसायचा. एकदा एका म्हाताऱ्या गिटारवाल्यानं दोनच स्वर वीस मिनिटं वाजवले. सगळे डोळे मिटून होते. श्यामकांत मात्र कोपऱ्यातल्या मिक्सरवाल्याच्या हाताकडे बघत राहिला. तो हात जागचा हलला नाही.

शेवटी धीर करून तो मालाडला गेला. प्रज्योत एका क्लासमध्ये पोरांना सिनेमाची गाणी शिकवत होता. श्यामकांतनं पेन ड्राइव्ह पुढे केला, चुकलो म्हणाला.

"बंद पडलं त्याचं काय नाय काका," प्रज्योत तार पिळत म्हणाला. "आमच्या बोटीचं इंजिन रोज बंद पडतं. सही का ठोकलीत?"

 पोरानं पेन ड्राइव्ह परत घेतला नाही.

निवृत्त झाल्यापासून त्यानं तुम्हाला तीन अर्ज दिलेत. वाद्य ठीक होतं, फेडर मी ओढला, मला कळलं नाही, एवढंच त्यात लिहिलंय. तिन्हींवर तुमचा पोच शिक्का आहे. आणि प्रज्योत कार्यक्रमाला तारीख मागायला आला, की तुमचा कारकून अजून तोच कागद काढून दाखवतो नि त्याला परत पाठवतो. श्यामकांतला काय शिक्षा द्यायची ती द्या, त्याची ना नाही. त्या पोराला तारीख कधी देताय ते सांगा. तोंडी नको, लेखी.