दंडातली चांदीची वाकी

मित्रांनो, मी चांदीची एक जुनी वाकी. दंडात घालतात ना, तीच. आता काळवंडले आहे म्हणून नाक मुरडू नका. माझ्या तरुणपणी वऱ्हाडात कापसाला असा भाव आला होता, की बैलांच्या शिंगांच्या टोकांनासुद्धा चांदीच्या शेंब्या बसत. त्याच तोऱ्यात नांदगावच्या खुशालरावांनी आपल्या लाडक्या लेकीसाठी मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला घडवून घेतले. बायका छोट्या जमुनाचा दंड हातात घेऊन मला न्याहाळत, आणि मी फुशारून जाई.

त्या वर्षी शेजारच्या गावात देवीची साथ आली. अमरावतीच्या दवाखान्यात देवी टोचून घेतल्या की रोग टळतो, असे खुशालरावांनी बाजारात ऐकले आणि लेकीला न्यायचे ठरवले. घरात तयारी सुरू झाली ती लग्नाला निघाल्यासारखी. आजी दुर्गाबाईंनी जमुनाला नवे पोलके घातले, आम्हां दोघींना तिच्या दोन्ही दंडांत चढवले आणि म्हणाल्या, "वाक्या अंगावर हायेत तोवर तुले कोनी हात लावत नाही. डागदर बत्तासे देते, घेऊन ये." आई सुभद्राला ते पटले नव्हते, पण ती शिदोरी बांधत राहिली. सासूपुढे बोलायची रीत नव्हती. मला मात्र आजींचे म्हणणे मनापासून पटले.

दवाखान्यात डॉक्टरांनी जमुनाचा दंड पाहिला आणि कपाळाला हात लावला. टोचायची जागा नेमकी आमच्याखाली!

"वाकी काढा," ते म्हणाले.

तेवढ्यात समोरचे एक पोर टोचून घेताना किंचाळले. जमुनाने मला घट्ट धरले.

"आजीनं सांगतलं, काढाची नाही," ती रडत म्हणाली. खुशालराव चुचकारून थकले. डॉक्टर पुढच्या मुलाकडे वळले. आता तसेच परतायचे? शेजारच्या गावात तर पोरे दगावत होती.

तेव्हा सोबत आलेली सुभद्रा लेकीसमोर खाली बसली.

"जमुने, आजी मायेनं बोलली, पन ते खरं नाही. बत्तासे नाहीत. सुई टोचन अन् दुखन."

"लय दुखन का वं, माय?"

"पायात काटा रुतला होता ना, तेवढं. मी तुया हात सोडत नाही."

जमुनाने मला सोडले आणि त्याच हाताने आईचा हात धरला. ती रडली खूप, पण दंड हलवला नाही. काढून ठेवलेली मी खुशालरावांच्या बंडीच्या खिशातून ते रडणे ऐकत होते. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? इतके दिवस मी तिची राखण करते असे समजत होते.

पुढे साथ नांदगावातही आली, पण जमुनाच्या वाटेला गेली नाही. ती मोठी झाली, मी पेटीत पडून राहिले. तिची लेक देवी टोचायला दवाखान्यात निघाली तेव्हा हट्टाने मला मागू लागली. जमुनाने पेटी बंद केली आणि लेकीला जवळ घेऊन म्हणाली, "दुखन थोडं. मी हावो तुयाजवळ."

मला राग आला नाही. मित्रांनो, आम्हां दागिन्यांना अधूनमधून पुसत जा, सणावारी मिरवा. पण दवाखान्याच्या दिवशी आम्हाला घरीच ठेवा. तुमचा हात आईच्या हातात असू द्या.