माझं जेवण झालंय

माझी बायको माझ्यापासून काहीतरी लपवते आहे, याबद्दल मला शंकाच उरली नव्हती. आयुष्यभर एकत्र जेवलो, आणि आता रोज एकच पालुपद: "तुम्ही बसा, माझं जेवण झालंय." कधी झालं, काय खाल्लं, ताकास तूर लागू देईना. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले होते. मुलीशी फोनवर कुजबुज चालायची आणि मी खोलीत आलो की एकदम हवापाण्याच्या गप्पा.

मी दातांच्या कवळ्या करतो. लोकांची तोंडं बघण्यात हयात गेली, मला कोण फसवणार? तिची कवळीही मीच केली, गेल्या हिवाळ्यात. म्हणजे चावायची अडचण नव्हती. मग उरला आजार. मोठाच असणार, आणि मायलेकींनी मिळून मला अंधारात ठेवलं असणार. भीती वाटायची आणि पाठोपाठ रागही यायचा.

तिचं कपाट धुंडाळलं. चिठ्ठी नाही, गोळी नाही. संशय उलट वाढलाच. शेवटी एका दुपारी कवळ्यांच्या मेणाचं भांडं शेगडीवरून उतरवलं, माझ्या छोट्या कारखान्याला कुलूप ठोकलं आणि मागच्या दाराने घरात शिरलो.

ती ओट्यापाशी उभी राहून दुधात कालवलेला भात गिळत होती. शेजारी पेल्यात कवळी बुडालेली. मला बघून तिने घाईघाईने पेला पदराआड घेतला.

"तोंड उघड."

"अहो, काही नाही."

"उघड म्हणतो ना."

खालच्या हिरडीवर जखम होती, चांगली जुनी. पेल्यातली कवळी काढून बघितली. नेमकी तिथलीच कड वेडीवाकडी घासलेली. नवशिक्यानेही असं केलं नसतं.

"बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. "पुन्हा घासून दिली असती."

"घट्ट होते असं मी म्हणाले, तेव्हा घासून दिलीत ना? तेव्हापासूनच लागते." ती माझ्या हातांकडे बघत होती. "हात थरथरतात हो तुमचे. हे कळलं असतं तर तुम्ही कारखान्यात पाऊल टाकलं नसतं."

मी हात ओट्यावर टेकवले. तरी ते स्थिर राहीनात. मला लाज वाटली, आणि तिची भयंकर कीव आली.

"उद्या चौकातल्या नव्या कवळीवाल्याकडे जाऊ," मी म्हणालो. मग नको ते सुचलं. "माझ्या गिऱ्हाइकांत तुझ्यासारखे आणखी असतील?"

तिने उरलेला भात झाकून ठेवला.

"पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांचं मला माहीत आहे," ती म्हणाली. "तेही पातळच खातात."